चौदाव्या झाकणावरची खडूची खूण

मंगळवार, १३ जानेवारी. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

स्वयंपाकघरात उभा राहून अर्धा कापलेला कांदा नाकाशी धरला होता. डोळ्यांतून पाणी आले, वास आला नाही. मग साबणाची वडी, मग चहाची भुकटी, मग रॉकेलची बाटली. काही नाही. नोव्हेंबरातल्या तापात नाक गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले होते, येईल महिन्याभरात. आता तिसरा महिना लागला.

तेवढ्यात ताई आत आली. म्हणाली, "कांद्याशी काय गप्पा चालल्यात?"

"रडायचा सराव करतोय."

ती हसली आणि कांदा हातातून काढून घेतला. तिला सांगितलेले नाही. कोणालाच सांगितलेले नाही. कुठेतरी खरे लिहिलेले असावे म्हणून इथे लिहितो.

मी गॅस कंपनीत लाइनवर चालतो. रस्त्याखालून गॅसचा मोठा नळ गेला आहे, त्याच्या वरून रोज चालायचे. माझ्या टप्प्यात एकतीस झाकणे आहेत. प्रत्येक झाकण हुकाने उचलायचे, गुडघे टेकायचे, नाक आत घालायचे. वास नसेल तर झाकण बसवून त्यावर खडूने खूण करायची आणि पुढे. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात सडक्या कांद्यासारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो. हे काम यंत्रही करते, पण आम्ही अकरा जण आणि यंत्र एक, तेही मुकादमांच्या कपाटात. माझी पाळी पंधरवड्यातून एकदा. बाकीचे दिवस नाक. लोक आम्हाला नाकवाले म्हणतात.

नववीत शाळा सुटली. हे काम भावोजींनी चार जणांच्या पाया पडून मिळवून दिले. नाक गेले म्हणालो तर काम गेले.

म्हणून मी माझ्या परीने भरून काढतो. झाकणाखालच्या जोडावर साबणाचे पाणी टाकतो आणि फुगे येतात का पाहतो. कान लावतो. आजूबाजूचे गवत पाहतो. चौदाव्या झाकणाला लागूनच इस्त्रीवाल्या मावशींचे दुकान आहे. तिथे मावशींना विचारतो, "काही वास येतोय का?" त्या नाही म्हणतात. मग खूण करतो. बाकी झाकणांपाशी कोणाला विचारायची हिंमत होत नाही.

खर्च: साबण ५.

शुक्रवार, १६ जानेवारी

कडाक्याची थंडी. बोटे हुकाला चिकटतात.

चौदाव्यावर गुडघे टेकले तोच मावशींनी दुकानातून हाक मारली, "आला नाकोबा! काय म्हणतंय पाताळ?"

"पाताळ ठीक आहे. मावशी, काही वास येतोय का?"

"येतोय की. तुझ्या बुटांचा."

"खरंच विचारतोय."

"नाही रे बाबा, कसला वास." त्यांनी शेगडीवरची गरम इस्त्री उचलली, थंड झालेली जागेवर ठेवली. त्यांच्याकडे तीन इस्त्र्या आहेत, गॅसच्या शेगडीवर आळीपाळीने तापतात. "आणि तो शर्ट काय घातलायस? गाईच्या तोंडातून काढल्यासारखा. उद्या दोन आणून दे. चुरगळलेला माणूस कंपनीचा वाटत नाही."

पिशवीत दोन शर्ट होतेच, ते दिले. पैसे विचारले, तर म्हणाल्या, "नेशील तेव्हा दे. पळून कुठं जाणारेस? रोज इथंच तर गुडघे टेकतोस."

साबणाचे पाणी जोडावर पडताच गोठले. फुगे दिसले नाहीत. म्हणजे दिसणे शक्यच नव्हते. तरी खूण केली.

बाविसाव्या झाकणाशी बालवाडीचे कुंपण आहे. तिथली झुडपे एका बाजूने करपली आहेत, साधारण दोन हात. थंडीने असेल. दुसरी बाजू हिरवी आहे, तिला ऊन मिळत असावे.

खर्च: चहा २.

बुधवार, २१ जानेवारी

सात चाळीसला नवव्या झाकणावर होतो. आवाज कानांआधी गुडघ्यांना कळला.

मी धावलो. दुकानाचे पत्र्याचे दार रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडले होते. मावशी पदपथावर बसल्या होत्या. धुतलेले हात पुसायला फडके नसले की माणूस जसे धरतो, तसे दोन्ही हात पुढे धरून. मला पाहून म्हणाल्या, "आत लोकांचे कपडे आहेत रे."

शेगडी पेटवायला काडी ओढली एवढेच त्यांना आठवते. त्यांना गाडीतून नेले. जीव वाचेल म्हणतात.

चौदाव्या झाकणावर कालची माझी खूण तशीच होती. पांढरी, स्वच्छ. ती पुसावीशी वाटली. पुसली नाही. यात चांगुलपणा काही नाही, आजूबाजूला माणसे होती म्हणून.

गुरुवार, २२ जानेवारी

सरकारच्या सुरक्षा खात्याच्या तपास अधिकारी आल्या. बुटक्या, गळ्याला मफलर, पायात रबरी बूट. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. आल्या आल्या त्यांनी खोदायला आणलेले मशीन बंद करायला लावले. म्हणाल्या, "हातांनी. नळाला जे झालंय ते आपण करून ठेवायला नको."

मला मदतीला ठेवले, कारण लाइन मला पाठ आहे. दिवसभर त्यांची माणसे दोन-दोन पावलांवर जमिनीत लोखंडी पहार ठोकून भोके पाडत होती. भोकात यंत्राची नळी घालायची, काट्यावरचा आकडा वाचायचा, तो भोकाशेजारी लिहायचा. आकडे लिहायला माझाच खडू घेतला. दुपारपर्यंत रस्ता आकड्यांनी भरला. दुकानाकडे जाता जाता आकडे मोठे होत गेले. शेवटी चौदाव्याच्या अलीकडे, झाकणापासून चार पावलांवर, जोडाला पडलेली चीर उघडी झाली. केसाएवढी. मॅडमनी तो तुकडा कापून घेतला, कापडात गुंडाळला, त्यावर चिठ्ठी बांधली. दोघांनी तो जखमी माणसाला उचलावे तसा उचलला.

कंपनीचे साहेब म्हणाले, "मॅडम, चूक कोणाची ते दोन दिवसांत सांगतो."

"चूक पोलिसांना सांगा. मला कारण हवंय."

"फरक काय?"

"चूक सापडली की सगळे घरी जातात. कारण सापडलं की कामाला लागावं लागतं."

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. मग त्यांनी वाकून माझ्या खुणेचा फोटो काढला. नंतर पंधराव्या झाकणावरचाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

माझी जबानी झाली. पालिकेच्या कचेरीतली खोली, एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली.

काय बोलायचे ते मी येताना मनात शंभरदा घोकले होते. मॅडमनी विचारले, "मंगळवारी चौदाव्या झाकणाखाली वास होता का?"

मी म्हणालो, "मला वास आला नाही."

यातला एक शब्दही खोटा नाही. मॅडमनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले.

मधेच एक गोष्ट झाली. किटलीतले पाणी आटून ती करपली. मॅडमचा लेखनिक ओरडत उठला, शिपाई धावत आला, खिडक्या उघडल्या. मी जबानीत व्यत्यय नको म्हणून जागेवरच बसून राहिलो. मॅडमही उठल्या नाहीत, माझ्याकडे पाहत होत्या. मी शिस्तीत बसलो हे त्यांना आवडले असावे.

जाताना त्यांनी गॅसला वास देणाऱ्या द्रव्याचे नाव सांगितले. मी लिहून मागितले. मरकॅप्टन. शब्दकोशात नाही.

शनिवार, २४ जानेवारी

तीन दिवस अर्ध्या गावाचा गॅस बंद आहे. ताई लाकडे जाळून स्वयंपाक करते आणि माझ्याकडे असे पाहते, जणू नळाची चावी माझ्या खिशात आहे. म्हणाली, "तुझ्या त्या मॅडमना सांग, पुरे झाली भोकं पाडणं. इथं माणसं गारठून मरतील, मग त्याचा तपास करत बसा."

दुपारी कचेरीच्या दारात साहेब मॅडमना सांगत होते, "चीर सापडली, तुकडा बदलला. चौदाच्या पुढची लाइन ठणठणीत आहे. आमचा माणूस आदल्याच दिवशी एकेक झाकण हुंगून गेलाय. एकतीसच्या एकतीस खुणा आहेत. सोमवारी सकाळी गॅस सोडू द्या."

मॅडम म्हणाल्या, "उद्या सांगते."

बाहेर मुकादमांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, तुझ्या खडूवर सोमवारी निम्म्या गावातली चूल पेटणार."

सतरा झाकणे. चौदाच्या पुढे सतरा. मी ती सगळी पाहिली आहेत, हुंगलेले एकही नाही. घरी येईपर्यंत मोठ्याने मोजत आलो. एक बाई मुलाला घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेली.

मी गप्प राहिलो तर कदाचित काहीच होणार नाही. हेच मी डिसेंबरपासून म्हणत आलो आहे.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी निघताना ताईला सांगितले. आधी तिलाच सांगायला हवे होते असे वाटले. ती लाकडे फोडत होती. म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी कांदा..." आणि कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, "महिनाभर भाजी करपत होती, तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, पोरगा शहाणा झाला." थोड्या वेळाने, "भावोजींना मी सांगते. तू जा."

मॅडम कचेरीतच होत्या. मी उभ्यानेच सगळे बोललो. त्यांनी बसायला सांगितले आणि पुन्हा सुरुवातीपासून बोलायला लावले. कधीपासून, कोणाला माहीत, झाकणापाशी नक्की काय करायचो. साबणाच्या पाण्याचे सांगितले, गोठलेल्या पाण्याचेही. गवताचे. मावशींना विचारायचो, तेही.

"कामावर घेताना नाक तपासलं होतं?"

"नाही. शुद्धलेखन तपासलं होतं. अर्ज बिनचूक लिहिला होता म्हणून घेतलं."

त्यांचा पेन क्षणभर थांबला.

मी विचारले, "माझं नाक चांगलं असतं तर मंगळवारी कळलं असतं का?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही. गॅस मातीतून गेला की माती त्याचा वास खाते, विशेषतः चिकणमाती. दुकानाच्या जमिनीतून वर आला तेव्हा थोडाच उरला असेल, कदाचित नसेलही. झाकणाखाली किती होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही. स्फोटानं तिथली हवा, माती, सगळं उलथंपालथं केलंय."

"म्हणजे माझा दोष आहे की नाही?"

"तुमचं नाक गेलं, ते आजारपण. माणसाच्या नाकाला यंत्र समजणं, हा कंपनीचा निर्णय. तुम्ही सांगितलं नाहीत, ते तुमचं. मी तिन्ही लिहिणार आहे. त्यातलं एकही गाळणार नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसापुढे काय करायचे ते मला येते.

सोमवारी गॅस सोडायचा नाही असे त्यांनी तिथल्या तिथे लेखी कळवले. खाली आलो तर अंगणात खात्याची गाडी उभी होती, आत यंत्रांच्या आठ पेट्या. चालक म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळीच निरोप आला होता. शुक्रवारी तर मी काहीच सांगितले नव्हते. योगायोग. नशीबच म्हणायचे.

मंगळवार, २७ जानेवारी

मॅडम आणि त्यांची माणसे यंत्रे घेऊन चौदाच्या पुढे सगळी लाइन चालली. मलाही सोबत नेले, पण फक्त हुक धरायला.

एकवीसपर्यंत काही नाही. एकवीसनंतर मला जरा श्वास घेता येऊ लागला. बाविसाव्या झाकणाकडे वळताना यंत्र झाकणाच्या आधीच ओरडायला लागले. बालवाडीच्या कुंपणापाशी. करपलेल्या झुडपांपाशी.

मॅडमनी झुडपाचे एक पान तोडून पाहिले. "हे कधीपासून असं आहे?"

"सोळा तारखेला पाहिलं होतं. थंडीनं असेल असं वाटलं."

त्यांनी पान पाकिटात घातले. मुळांशी गॅस साचला की झाड गुदमरते, हे त्यांच्या माणसाने मला नंतर सांगितले. मला गवत पाहायचे ठाऊक होते, पण काय पाहायचे ते ठाऊक नव्हते.

बालवाडी रिकामी केली. मुले एकमेकांच्या कोटाला धरून रांगेत बाहेर आली. एकाने मला विचारले, "काका, आज सुट्टी?" मी हो म्हणालो. तो नाचत गेला.

शिक्षिकेने माझे आभार मानले. दोन्ही हात जोडून. मी हुक तिथेच टाकून कोपऱ्यावर जाऊन उलटी केली.

शुक्रवार, ३० जानेवारी

मोठा अहवाल यायला वर्ष लागेल. पण तोवर थांबता येत नाही म्हणून खात्याने तातडीच्या शिफारशी काढल्या. प्रत्येक चालणाऱ्याला यंत्र. नाकाच्या भरवशावर खूण करायची नाही. जुन्या ओतीव लोखंडाचे जोड आधी तपासायचे. आणि सगळ्या चालणाऱ्यांच्या नाकांची तपासणी.

ती तपासणी काल झाली. अकरांपैकी चौघांना कांदा ओळखता आला नाही. मला धरून. एक तर पंचवीस वर्षे चालतो आहे.

मुकादम मला म्हणाले, "झालं समाधान? तुझं एकट्याचं गेलं होतं, आता आमच्या सगळ्यांचं कापलंस." मी मान खाली घातली. खरेच आहे, चार घरे माझ्यामुळे अडचणीत आली. तो पंचवीस वर्षे चालणारा गडी मात्र दाराशी थांबला आणि मुकादमांचे लक्ष नाही असे पाहून हळूच म्हणाला, "सात वर्षं झाली रे मला. सुटलो."

मला कामावरून थांबवले आहे. निकाल लागेपर्यंत पगार नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पंधरा दिवस हिंमत होत नव्हती. आज दवाखान्यात गेलो.

मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत आहेत. भुवया नाहीत, त्यामुळे चेहरा सारखा कशाचे तरी नवल वाटत असल्यासारखा दिसतो. मला पाहून म्हणाल्या, "आला नाकोबा."

मी म्हणालो, "मावशी, मला नाक नाही." आणि सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या. शेजारच्या खाटेवरची बाईही ऐकत होती, तिला ऐकू नको असे म्हणायचा मला काय हक्क.

म्हणाल्या, "मग तू रोज विचारायचास, ते?"

"खरंच विचारायचो."

"अगंबाई. मला वाटायचं, आपलं बोलायचं म्हणून विचारतोस. ज्याचं नाक, तोच दुसऱ्याला वास विचारतोय म्हणजे थट्टाच की."

मी संत्री खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली.

"येत होता रे," त्या म्हणाल्या. "आठवडाभर. सकाळी दार उघडलं की जरासा, कुजल्यासारखा. मी म्हटलं, गटार असेल. गॅस असता तर हा पोरगा रोज डोकं खाली घालून बसतो, याला नसता का आला?"

मी खाटेची कड धरली. त्यांनी पट्टीतला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. त्याला वजनच नव्हते.

"रडू नको. मी काही बोल लावत नाही. तू रोज यायचास म्हणून मी निर्धास्त होते, एवढंच सांगतेय."

त्या माझी समजूत काढत होत्या. त्यांना कळत नव्हते त्या काय सांगत आहेत. की कळत होते, कोण जाणे. मी त्यांच्या नाकावर विसंबलो आणि त्या माझ्या. आणि मधे तो गॅस होता.

मग म्हणाल्या, "तुझे शर्ट मात्र गेले. झाले होते बरं का. मंगळवारीच केले, कॉलर दोनदा फिरवली. घडी घालून फळीवर ठेवले होते."

"मग पैसे द्यायला हवेत," मी म्हणालो आणि खिशात हात घातला.

त्या हसल्या आणि लगेच कळवळल्या, हसताना गाल ताणतो. "आता कसे घेऊ? तोंडात? हात बरे होऊ देत. हातात घेईन."

तिथून सरळ मॅडमच्या कचेरीत गेलो. बोलावलेले नव्हते. मावशींचे म्हणणे सांगितले. भीती होती की यामुळे त्यांची भरपाई अडेल, म्हणून आधी तेच विचारले. मॅडम म्हणाल्या, "वास आला तर काय समजायचं, कोणाला सांगायचं, हे त्यांना कोणी कधी सांगितलं होतं? नाही ना? मग अडणार नाही." त्यांनी लेखनिकाला बोलावले. लाइनवरच्या प्रत्येक घरात जाऊन विचारायचे ठरले, वास आला होता का आणि आला तर गप्प का राहिलात. मला विचारले, "सोबत याल? पगार नाही देता येणार. लोक तुम्हाला ओळखतात."

त्याचीच तर भीती आहे. हो म्हणालो. उद्या सात वाजता, चौदाव्या झाकणापासून.

खर्च: बस, जाऊन-येऊन ८. संत्री १२. एकूण २०.

देणे: ताईला या महिन्याचे घरखर्चाचे ३००. मावशींना दोन शर्टांची इस्त्री ६, हात बरे झाल्यावर, हातात.